पार्किन्सनची गोळी मेंदू पोखरते का? वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच औषधाबद्दल आहेत, लेव्होडोपा. पार्किन्सनच्या पेशंटना देतात ते, मेंदूत गेल्यावर ज्याचं डोपामिन बनतं. पत्रं वेगवेगळ्या घरांतून आलीयत पण भीती एकच, की ही गोळी आज हात हलायचा थांबवते आणि आतून मेंदूचं कायमचं नुकसान करत राहते. म्हणून अख्खं सदर यालाच देतेय, बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न: डॉक्टर मॅडम, माझ्या बाबांना ६४व्या वर्षी पार्किन्सन निघाला. न्यूरोलॉजिस्टनी लेव्होडोपा-कार्बिडोपा लिहून दिली, पण माझ्या दादानं नेटवर वाचलं की त्यातून फ्री रॅडिकल्स तयार होतात आणि उरल्यासुरल्या पेशीही मरतात, शिवाय ही गोळी पाचच वर्षं चालते म्हणे, मग खरी गरज पडेल तेव्हा काय घेणार? बाबांनाही ते पटलं. गोळ्या कित्येक महिने कपाटात पडून आहेत आणि इकडे बाबांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत, सही इतकी बारीक होत चाललीय की बँकेनं चेक परत पाठवला. दादा म्हणतो थोडं सहन करा, गोळी वाचवून ठेवू. दादाचं बरोबर आहे का?

उत्तर: ताई, आधी उत्तर सांगते, कारणं मग. बाबांना बटणं लागत नसतील, सही जमत नसेल तर गोळी सुरू करायची वेळ आलेली आहे, आणि ती थांबवून मेंदूचं काही वाचत नाहीये. पण दादांवर रागावू नका. त्यांनी वाचलं ते कुणी मनानं रचलेलं नाही, ही भीती खुद्द न्यूरोलॉजिस्ट लोकांनी बरीच वर्षं बाळगली होती आणि तिच्यापायी किती पेशंटना औषध उशिरा मिळालं असेल याचा विचार केला की मला आजही वाईट वाटतं.

तर्क ऐकायला अगदी बिनतोड आहे. मेंदूच्या खालच्या भागात सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा असतो, तिथल्या पेशी डोपामिन बनवतात आणि हालचाली सुरळीत चालतात त्या त्याच्यामुळे. पार्किन्सनमध्ये याच पेशी हळूहळू मरत जातात, हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असतात. आता डोपामिन आणि लेव्होडोपा दोन्ही असे रेणू आहेत की त्यांचं ऑक्सिडेशन पटकन होतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड, क्विनोन असे त्रासदायक पदार्थ निघतात. ज्या पेशी आधीच त्या ताणाखाली आहेत त्यांना वरून आणखी लेव्होडोपा देणं म्हणजे आगीत तेल, असं वाटणं साहजिक होतं. मग लॅबमध्ये काचेच्या बशीत या पेशी वाढवून त्यांच्यावर लेव्होडोपा टाकून बघितलं आणि पेशी खरंच मेल्या, एकदा नाही, वेगवेगळ्या लॅबमध्ये. तिथून हे सगळं सुरू झालं.

पण बशीत काय चाललं होतं ते नीट बघायला हवं. एक तर टाकलेलं प्रमाण पेशंटच्या रक्तात पोचतं त्याच्या कितीतरी पट होतं, आणि मेंदूत पोचतं ते तर रक्तापेक्षाही कमी. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लेव्होडोपा पाण्यात नुसतं पडून राहिलं तरी हवेतल्या ऑक्सिजननं खराब होतं, विरघळवलेली गोळी तशीच ठेवली तर पाणी गडद होत जातं, म्हणूनच काही पेशंटना ती पाण्यातून थोडी थोडी द्यायची वेळ येते तेव्हा त्या द्रावणात व्हिटॅमिन सी घालतात. म्हणजे बशीतलं बरंचसं विष पेशीच्या आत जायच्या आधीच बाहेरच्या द्रावणात तयार होत होतं. त्या बशीत व्हिटॅमिन सी घातलं की पेशी वाचायच्या. आणि खऱ्या मेंदूत न्यूरॉन एकटे नसतात, त्यांच्याभोवती ग्लिया नावाच्या पेशी असतात ज्या असला कचरा साफ करत राहतात, बशीत ग्लियासकट पेशी वाढवल्या तर लेव्होडोपाचा त्रास खूपच कमी झाला, कमी डोसला तर काही प्रयोगांत पेशी उलट जास्त तगल्या.

मग प्राणी. धडधाकट उंदरांना महिनोन्‌महिने भरपूर लेव्होडोपा दिलं, नायग्रातल्या पेशी शाबूत. ज्यांच्या पेशी मुद्दाम आधी जखमी केल्या होत्या अशा उंदरांत एका गटाला जास्त पेशी मेलेल्या दिसल्या, दुसऱ्या गटानं तसाच प्रयोग सहा महिने चालवला, १९९८ मध्ये छापला, त्यात नुकसान तर नव्हतंच पण उरलेल्या पेशी सावरताना दिसल्या. उंदरांवरून इतकंच म्हणता येतं.

माणसांकडे येऊ. १९८६ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी एक केस छापली. त्या माणसाला पार्किन्सन समजून चार वर्षांत मिळून सुमारे २ किलो लेव्होडोपा दिलं गेलं, आणि मृत्यूनंतर मेंदू तपासला तर त्याला पार्किन्सन नव्हताच, थरथर दुसऱ्या कारणानं होती. दोन किलो! आणि नायग्रा जशीच्या तशी. चुकून झालेल्या निदानातून निघालेला हा पुरावा, कुणी मुद्दाम असा प्रयोग कधी केलाच नसता. एका माणसावरून निष्कर्ष काढू नये हे मान्य, म्हणून २०११ मधला अभ्यासही सांगते, लंडनच्याच क्वीन स्क्वेअर ब्रेन बँकेतल्या पार्किन्सनच्या पेशंटचे मेंदू घेऊन बघितलं की आयुष्यभरात ज्यांना जास्त लेव्होडोपा मिळालं त्यांच्या पेशी जास्त गेल्यात का. तसं आढळलं नाही.

आता दादांनी बहुतेक ज्याच्याबद्दल वाचलं असेल तो अभ्यास, एलडोपा ट्रायल, २००४. सुरुवातीच्या टप्प्यातले ३६१ पेशंट, कुणाला दिवसाला १५०, कुणाला ३००, कुणाला ६०० मिलिग्रॅम आणि कुणाला प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, ४० आठवडे. मग दोन आठवडे औषध पूर्ण बंद ठेवून तपासलं, म्हणजे गोळीचा तात्पुरता परिणाम उतरेल आणि खालचा आजार किती पुढे गेलाय ते कळेल. गोळीनं मेंदू खराब होत असता तर गोळीवाले प्लासिबोवाल्यांपेक्षा वाईट दिसायला हवे होते. झालं उलटं, प्लासिबोवाले सगळ्यात वाईट आणि ६०० वाले सगळ्यात चांगले. पण त्याच ट्रायलमध्ये काही पेशंटचे मेंदूचे स्कॅनही केले होते आणि तिथे घोळ झाला, डोपामिनच्या पेशींची खूण दाखवणारं सिग्नल ६०० वाल्यांत ७.२ टक्क्यांनी उतरलं, प्लासिबोत १.४ टक्क्यांनी. माणूस बरा आणि स्कॅन वाईट! नेटवर यातला स्कॅनचा अर्धा भागच फिरतो. तो स्कॅन पेशी मोजत नाही, पेशीवरचं एक प्रोटीन मोजतो, डोपामिन परत आत ओढून घेणारं, आणि बाहेरून डोपामिन वाढलं की पेशी जिवंत असूनही ते प्रोटीन कमीजास्त होऊ शकतं. त्यामुळे स्कॅनवरून पेशी मेल्या असं म्हणता येत नव्हतं, आणि दोन आठवड्यांत गोळीचा परिणाम पूर्ण उतरतो का हीही शंका होती, म्हणून चांगलं झालं असंही छातीठोकपणे म्हणता येईना.

ही गाठ सोडवायला नेदरलँड्समध्ये लीप ट्रायल झाली, २०१९ मध्ये छापली गेली. ४४५ पेशंट. अर्ध्यांना पहिल्या दिवसापासून लेव्होडोपा, दिवसाला ३०० मिलिग्रॅम, ८० आठवडे. बाकीच्यांना आधी ४० आठवडे प्लासिबो आणि मग ४० आठवडे तीच गोळी. युक्ती अशी की शेवटी दोघंही गोळीवरच असणार, फरक फक्त आधीच्या ४० आठवड्यांचा, त्या ४० आठवड्यांत गोळीनं काही पोखरलं असेल तर लवकर सुरू करणारे मागे पडलेले दिसतील आणि काही वाचवलं असेल तर पुढे. ८० आठवड्यांनी दोघं सारखेच. आजाराचा वेग गोळीनं वाढवला नाही आणि कमीही केला नाही. नको त्या हालचाली, म्हणजे डिस्कायनेशिया, त्यातही दोन गटांत फरक नव्हता. प्लासिबोवरच्या अनेकांना तर ४० आठवडे थांबताच आलं नाही, मधेच औषध सुरू करावं लागलं, आणि मला वाटतं तुमच्या बाबांचं आत्ता नेमकं तेच चाललंय.

दीड वर्षाचा अभ्यास आहे, डोस माफक होता, हे मी लपवणार नाही. पण वाट बघून काही मिळतं असं दाखवणारा माणसांवरचा पुरावा कुठेच उभा राहत नाही, आणि वाट बघण्याची किंमत मात्र तुमच्या पत्रात स्पष्ट दिसतेय. चालणं मंदावलं की माणूस बाहेर जायचं टाळतो, व्यायाम बंद होतो, पडायची भीती बसते, आणि ही वर्षं, जेव्हा गोळी सगळ्यात छान लागू पडते, तीच हातची जातात. दादांना हे पत्ररूपी उत्तर वाचायला द्या आणि बाबांना घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा, डोस किती आणि कसा वाढवायचा ते तेच ठरवतील. कपाटातल्या गोळ्यांची एक्स्पायरी डेट तेवढी बघून घ्या.

प्रश्न: ह्यांना लेव्होडोपा सुरू होऊन सहा वर्षं झाली. पहिली तीन-चार वर्षं इतकी छान गेली की आजार आहे हे विसरायला व्हायचं. आता गोळी घेतल्यावर तासाभरात मान आणि खांदे आपोआप डोलायला लागतात, पाय वळवळतात, ह्यांना त्याचं फारसं काही वाटत नाही पण बघणाऱ्याला बघवत नाही. आणि पुढच्या गोळीच्या आधी उलट, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मुलगा म्हणतो हाच पुरावा, गोळीनंच मेंदू बिघडवला. पाच वर्षांवाली गोष्ट खरी निघाली का?

उत्तर: वहिनी, तुम्ही दोन्ही गोष्टी इतक्या बारकाईनं लिहिल्यात की निम्मं निदान पत्रातच झालं. डोस चढतो तेव्हाचं डोलणं म्हणजे डिस्कायनेशिया, आणि डोस उतरल्यावर पाय अडकतात त्याला आम्ही वेअरिंग ऑफ म्हणतो. हे गोळीशी संबंधित आहे यात वाद नाही, गोळी नसती तर डोलणं नसतं. पण गोळीनं पेशी मारल्या म्हणून ते होतंय असं नाही, आणि हा फरक कळला नाही तर माणसं गोळीच बंद करून बसतात.

लेव्होडोपा रक्तात फार टिकत नाही, साधारण दीड तासात निम्मं होतं. सुरुवातीला याचा त्रास होत नाही कारण उरलेल्या पेशी ते डोपामिन साठवून ठेवतात आणि लागेल तसं सोडतात, म्हणून दिवसातून तीन गोळ्यांवर माणूस दिवसभर छान असतो. आजार पुढे जातो तसा हा साठाच कमी होतो, मग रक्तात औषध चढलं की मेंदूत डोपामिनचा लोट आणि उतरलं की कोरडं. शरीर त्या चढउताराबरोबर हलतं. गोळी तीच आहे, डोसही कदाचित तोच, साठवणाऱ्या पेशी कमी झाल्यात.

हे नुसतं म्हणणं नाही, बघितलेलं आहे. २०१४ मध्ये छापलेला एक अभ्यास मला फार आवडतो. घानामध्ये कितीतरी पेशंटना लेव्होडोपा मिळायलाच उशीर व्हायचा, आजार सुरू होऊन सरासरी ४.२ वर्षांनी, तर इटलीतल्या पेशंटना २.४ वर्षांनी. गोळीची वर्षं मोजून हे त्रास येत असतील तर घानातल्या लोकांना ते उशिरा यायला हवेत, बरोबर? तसं झालं नाही. आजाराच्या साधारण त्याच वर्षी दोन्हीकडे ते सुरू झाले, फक्त घानातल्या लोकांना गोळी सुरू केल्यावर लगेचच, कारण आजार तोवर पुढे गेलेला. त्रास ठरला तो आजाराच्या वयावर आणि वजनाच्या मानानं डोस किती मोठा आहे त्यावर. गोळी उशिरा घेऊन त्यांच्या पदरात काय पडलं, तर मधली चांगली वर्षं गेली.

आणखी जुनी आणि फार वाईट गोष्ट १९८२ ची, कॅलिफोर्नियात काही तरुणांनी बनावट हेरॉइन टोचून घेतलं, त्यात एमपीटीपी नावाचं विष मिसळलेलं होतं आणि बघता बघता ती मुलं पुतळ्यासारखी थिजली. न्यूरोलॉजिस्ट विल्यम लँगस्टन यांनी कारण शोधून काढलं, लेव्होडोपा दिल्यावर ती मुलं हलायला लागली पण डिस्कायनेशिया वर्षं न घेता काही महिन्यांतच आला, कारण पेशी एकदमच खूप गेल्या होत्या. म्हणजे पाच वर्षांचं घड्याळ गोळीत बसवलेलं नाही, ते आजाराचं आहे.

तुमच्याकडे आता करण्यासारखं बरंच आहे. आठवडाभर वही ठेवा, गोळी कधी घेतली, कधी डोलणं सुरू, कधी पाय अडकले, जेवण कधी झालं. ती वही बघून डॉक्टर एकेक डोस लहान करून दोन डोसमधलं अंतर कमी करू शकतात, औषध जास्त टिकवणारी एन्टाकॅपोनसारखी जोडगोळी देऊ शकतात, डोलण्यासाठी अमँटॅडिन आहे, आणि निवडक पेशंटमध्ये डीप ब्रेन स्टिम्युलेशनची सर्जरी खूप चांगलं काम करते. जेवणाचं मी मुद्दाम लिहिलंय, कारण लेव्होडोपा स्वतः एक अमिनो अ‍ॅसिड आहे आणि आतड्यातून रक्तात, रक्तातून मेंदूत शिरायचं त्याचं दार प्रोटीनमधल्या अमिनो अ‍ॅसिडचंही दार आहे, प्रोटीन भरपूर असलेल्या जेवणावर गोळी घेतली की ती रांगेत अडकते. जेवणाआधी अर्धा ते एक तास घेऊन बघा. आणि मुलाला सांगा, बाबांना डोलण्याचा त्रास वाटत नसेल तर डोस कमी करायची घाई नको, बऱ्याच पेशंटना अडकून पडण्यापेक्षा थोडं डोलणं परवडतं आणि ते ठरवायचा पहिला हक्क त्यांचा आहे.

प्रश्न: मी फार्मसीला आहे. डोपामिन कमी पडतं तर डोपामिनच का देत नाहीत? आणि हे लेव्होडोपा सापडलं कसं? पुस्तकात दोन ओळीत उरकलंय.

उत्तर: डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, ब्लड-ब्रेन बॅरियर त्याला अडवतो. लेव्होडोपा वर सांगितलेल्या दारातून आत जातं आणि आत एक एन्झाइम त्याचं डोपामिन करतं. पंचाईत ही की तेच एन्झाइम बाकी शरीरातही आहे, नुसतं लेव्होडोपा दिलं तर मेंदूत पोचेपर्यंत एखादा टक्काच उरतो आणि बाहेर झालेल्या डोपामिनमुळे उलट्या. म्हणून सोबत कार्बिडोपा किंवा बेन्सेराझाइड, जे बाहेरचं एन्झाइम बांधून ठेवतात पण स्वतः मेंदूत जात नाहीत.

इतिहास तुम्ही विचारलात याचा आनंद झाला. १९१३ मध्ये मार्कस गुगेनहाइम यांनी ब्रॉड बीन या शेंगेच्या झाडातून लेव्होडोपा वेगळं काढलं आणि स्वतःच अडीच ग्रॅम खाऊन बघितलं. जोरदार उलट्या झाल्या, पण हे काही कामाचं औषध आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नाही आणि पुढे कित्येक वर्षं ते पडूनच राहिलं. १९५७ मध्ये स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेझर्पिन दिलं, सर्पगंधेतून निघतं ते, ससे कान पाडून निपचित झाले, आणि लेव्होडोपा टोचल्यावर पुन्हा कान उभारून हिंडायला लागले. या कामाबद्दल त्यांना २००० मध्ये नोबेल मिळालं. १९६० मध्ये व्हिएन्नात एहरिंगर आणि होर्निकिएविच यांनी पार्किन्सनच्या पेशंटच्या मेंदूत डोपामिन खरंच फार कमी आहे हे दाखवलं आणि पुढच्याच वर्षी होर्निकिएविच आणि बिर्कमायर यांनी पेशंटना शिरेतून लेव्होडोपा दिलं, पलंगावरून उठता न येणारे उठून चालले, पण परिणाम काही तासच. मग १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी अगदी थोड्यापासून सुरू करून हळूहळू दिवसाला कित्येक ग्रॅमपर्यंत तोंडावाटे डोस वाढवत नेला आणि पहिल्यांदा टिकाऊ फरक दिसला. १९७० मध्ये अमेरिकेत मान्यता. हळूहळू वाढवायची कोट्झियास यांची पद्धत आजही तीच आहे, डोस मात्र कार्बिडोपामुळे खूप खाली आले.

प्रश्न: आईची लघवी गोळी सुरू झाल्यापासून कधी कधी काळपट दिसते, घामाचे डागही पडतात. किडनीवर परिणाम होतोय का?

उत्तर: लेव्होडोपा आणि त्याचे तुकडे लघवीतून, घामातून बाहेर पडतात आणि हवा लागली की काळपट होतात, पाण्यातली गोळी गडद होते तेच हे. त्यानं अपाय नाही. लघवी लालसर रक्तासारखी असेल, जळजळ असेल, ताप असेल तर मात्र गोळीवर न ढकलता तपासून घ्या.

प्रश्न: मी २३ वर्षांचा आहे, मला काही आजार नाही. फोकस आणि मूड वाढवायला डोपामिन बूस्टर म्हणून म्युक्युना कॅप्सूल घेतोय, जिममधले बरेच जण घेतात. नॅचरल आहे ना, मग लाँग टर्म चालेल का?

उत्तर: म्युक्युना म्हणजे खाजकुइली, आणि तिच्या बियांत असतं ते लेव्होडोपाच, वर ज्याच्याबद्दल सगळं सदर भरलंय तेच औषध. झाडातून आलं म्हणून शरीर त्याला वेगळं वागवत नाही. २००४ मध्ये आठ पेशंटवर केलेल्या अभ्यासात म्युक्युनाची पावडर नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर चढली होती, म्हणजे हे औषध म्हणून किती खरं आहे बघ. बाळा, मी मघापासून लेव्होडोपा सुरक्षित आहे असं लिहितेय त्यावर तू भरवसा ठेवू नकोस, कारण ते सगळे अभ्यास डोपामिन कमी असलेल्या माणसांवर, मोजून दिलेल्या डोसवर, डॉक्टरांच्या नजरेखाली झालेत. तुझं डोपामिन कमी नाहीये. बाहेरून घातलेल्यानं मळमळ, उभं राहिल्यावर बीपी पडणं, धडधड, झोप उडणं, चिडचिड, आणि ज्यांच्या मेंदूचा तसा कल असेल त्यांना भास आणि संशय, सायकोसिसपर्यंत. डिप्रेशनसाठीची एमएओ इनहिबिटर जातीची जुनी औषधं कुणी घेत असेल तर यानं बीपी धोकादायक वाढू शकतं. कॅप्सूलमध्ये किती आहे तेही बाटलीगणिक बदलतं. बंद कर. मन लागत नाही, उदास वाटतं हे खरं असेल तर त्यासाठी डॉक्टरला भेट, ती लाज वाटायची गोष्ट नाही आणि त्यावर नीट उपाय आहेत.

प्रश्न: सासऱ्यांना रात्री खोलीत मुलं बसलेली दिसतात, त्यांच्याशी बोलतात. विसरायलाही फार लागलेत. आम्हाला वाटलं गोळीनं मेंदू गेला, म्हणून परवा गोळी एकदम बंद केली. आता ते अंथरुणातून उठत नाहीत.

उत्तर: हे पत्र मिळाल्याबरोबर मी तुम्हाला फोनवर कळवलं होतं, तरी इथे सगळ्यांसाठी लिहिते. लेव्होडोपा कधीही एकदम बंद करायचं नाही. अंग ताठ होणं, खूप ताप, घाम, शुद्ध हरपणं अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते, तसं काही दिसलं तर तडक हॉस्पिटल. ऑपरेशनसाठी किंवा दुसऱ्या आजारासाठी अ‍ॅडमिट व्हावं लागलं तरी पहिल्याच नर्सला, डॉक्टरला सांगा की ही गोळी वेळेवर जायलाच हवी.

आता भासांचं. गोळीचा त्यात हात असू शकतो, हे मी नाकारणार नाही, पार्किन्सनच्या सगळ्याच औषधांनी भास होऊ शकतात आणि प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोलसारख्या डोपामिन अ‍ॅगोनिस्टनी लेव्होडोपापेक्षा जास्त. पण ते डोस कमी केल्यावर ओसरणारं आहे, पेशी मेल्याचं लक्षण नव्हे. विसरणं वेगळं, आजार पुढे जाताना मेंदूच्या इतर भागांतही पसरतो आणि बऱ्याच पेशंटना वयोमानानं डिमेन्शिया येतो, गोळी घेतली नसती तरी. डॉक्टर आधी लघवीचं इन्फेक्शन, शरीरातलं पाणी कमी होणं असं काही बघतील, मग झोपेच्या, अ‍ॅलर्जीच्या, थरथरीच्या जुन्या गोळ्यांपैकी काय काढता येतं ते, त्यानंतर अ‍ॅगोनिस्ट कमी करतील आणि लेव्होडोपाला सगळ्यात शेवटी हात लावतील, कारण चालतं ठेवतं ते तेच. आणि भास शांत करायला कुणी हॅलोपेरिडॉल देत असेल तर थांबवा आणि न्यूरोलॉजिस्टशी बोला, ते डोपामिनच अडवतं, पार्किन्सनच्या माणसाला त्यानं आणखी जखडायला होतं.

प्रश्न: आठ वर्षं लेव्होडोपा घेतेय, डोसही मोठा आहे. हल्ली तळपायाला मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. हा पार्किन्सनच का?

उत्तर: तळपायाची जाणीव जाणं पार्किन्सनचं नेहमीचं लक्षण नाही, आणि बरं झालं विचारलंत, कारण इथे लेव्होडोपाचा एक खरा दीर्घकाळचा परिणाम असू शकतो जो कमी लोक बोलतात. शरीर लेव्होडोपाचं विघटन करताना त्याला मिथाइल गट जोडतं, त्यातून होमोसिस्टीन वाढतं, आणि ते खाली आणायला बी-१२ आणि फोलेट खर्ची पडतं. वर्षानुवर्षं मोठा डोस असेल आणि बी-१२ कमी असेल तर पायाच्या नसांना त्रास होऊ शकतो. हे मेंदूचं नुकसान नव्हे, वेळेत कळलं तर त्यावर उपायही आहे, पण दुर्लक्ष केलं तर नसा पूर्ण सावरत नाहीत आणि जाणीव नसलेल्या पायानं पार्किन्सनमध्ये पडणं फार सोपं. पुढच्या व्हिजिटची वाट न बघता बी-१२, फोलेट, होमोसिस्टीन आणि शुगर तपासून घ्या, रिपोर्ट न्यूरोलॉजिस्टना दाखवा, आणि तोवर घरात मागून पट्टा असलेली सपाट चप्पल वापरा. गोळीचा डोस स्वतःहून कमी करू नका.